५ केव्हीएचा जनरेटर मोटर उचलतो, मग ५ केव्हीएचा इन्व्हर्टर का नाही?

गोव्यातल्या सावईवेऱ्याला माझ्या बहिणीचं कुळागर, म्हणजे बागायत आहे. सुपारी, मिरवेली, दोन-चार जायफळाची झाडं. खालच्या तळीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायला दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर. वीज गेली की पूर्वी ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर लावायचे. मोटरचं बटण दाबलं की इंजिनाचा आवाज एकदम खाली बसायचा, सायलेन्सरातून काळा धूर यायचा, घरातले दिवे मलूल व्हायचे, आणि एक-दोन सेकंदांत सगळं जागेवर यायचं. गेल्या चवथीच्या आधी भाच्याने तो जनरेटर पडवीत सारला आणि ५ केव्हीएचा इन्व्हर्टर बसवला, ४८ व्होल्टच्या बॅटरीसह. पंखे, फ्रीज, दिवे, टीव्ही, सगळं छान चालतं. मोटरचं बटण दाबलं की मात्र पिक् पिक् आवाज, लाल दिवा आणि घरभर काळोख. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"मामा, त्याच्यावरही पाचच लिहिलंय आणि ह्याच्यावरही पाचच. मग हा का उचलत नाही?"

पंचवीसेक वर्षं मी डीजी सेटवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर काम केलंय. आधी खाणीवर, मग किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, आणि उत्सवांचे मंडप तर दरवर्षीचेच. हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. अंगावर ठोकलेल्या पट्टीवरचे ५ केव्हीए म्हणजे हे यंत्र तासन्‌तास किती भार वाहील त्याचा आकडा. भार अंगावर येतो त्या पहिल्या सेकंदात ते कसं वागेल, हे पट्टी सांगत नाही. आणि मोटरचा सगळा प्रश्न त्या पहिल्या सेकंदाचाच असतो.

आधी मोटर काय मागते ते पाहू. दीड हॉर्सपॉवरची ही मोटर फिरत असताना साधारण ९-१० अँपिअर घेते. उभी असताना तिला वीज दिली, तर आतला फिरता भाग, म्हणजे रोटर, हलेपर्यंत ती जवळजवळ शॉर्ट झालेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी वागते आणि नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणजे ५० अँपिअरच्या घरात. ५ केव्हीएला २३० व्होल्टने भागलं तर येतात जेमतेम २२ अँपिअर. तेव्हा सुरुवातीची ही मागणी दोघांच्याही ऐपतीबाहेरची आहे. जनरेटर ती निभावतो कशी, ते कळलं की अर्धं कोडं सुटतं.

जनरेटरमध्ये एक जड गोळा मिनिटाला १५०० फेरे फिरत असतो: फ्लायव्हीलचं जड चाक, क्रँक, वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा रोटर. चार पोलच्या अल्टरनेटरमधून १५०० फेऱ्यांना बरोबर ५० हर्ट्झ, सेकंदाला ५० लाटा, निघतात, म्हणजे वेग आणि फ्रिक्वेन्सी एकमेकांना घट्ट बांधलेले आहेत. बटण दाबल्याच्या क्षणी इंजिनाला काहीही ठाऊक नसतं. डिझेल तेवढंच जातंय, पण वाइंडिंगमधून जादा करंट वाहू लागला की त्याचं चुंबकत्व रोटरला मागे ओढतं. त्या क्षणीची जादा वीज डिझेलमधून येत नाही, ती त्या फिरत्या वजनात साठलेल्या गतीतून येते. म्हणून वेग उतरतो, म्हणून आवाज बसतो.

किती साठलेलं असतं? समजा त्या फिरत्या भागाचं जडत्व १ किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे. छोट्या सेटसाठी हे बेताचं धरायला हरकत नाही. १५०० फेऱ्यांना त्यात साधारण १२,३०० ज्यूल ऊर्जा भरते. वेग ५ टक्के उतरू दिला, तर तिच्यातली जवळपास दहा टक्के, म्हणजे १,२०० ज्यूल मोकळी होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. ४ किलोवॅटचा भार या १,२०० ज्यूलवर सेकंदाचा तिसरा हिस्सा तग धरतो. तेवढ्या वेळात इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने जागं व्हायचं असतं. गव्हर्नरमध्ये फिरती वजनं असतात. वेग उतरला की ती आत मिटतात, स्प्रिंग डिझेल पंपाच्या दांड्याला, रॅकला, ढकलते, पंप जास्त डिझेल सोडतो. हवा तेवढीच आणि डिझेल एकदम जास्त, म्हणून तो काळा धूर.

भार आल्यावर वेग पुन्हा पहिल्याइतका मात्र होत नाही. रिकामा असताना मीटरवर ५२ हर्ट्झ दाखवणारा छोटा सेट पूर्ण भाराला ५० वर येऊन टेकतो. याला ड्रूप म्हणतात आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. दोन सेट जोडीने चालवायचे असतील, तर या उतारामुळेच ते भार वाटून घेतात. जो पुढे धावतो त्याच्यावर भार पडतो, भाराने तो मंदावतो, मग दुसरा त्याला येऊन मिळतो. एका हॉटेलात कुणीतरी दोन्ही सेटांचा ड्रूप शून्यावर आणून ठेवला होता, "फ्रिक्वेन्सी एकदम पक्की राहावी" म्हणून. भार वाटून देणारी वेगळी यंत्रणा तिथे नव्हतीच. दोघं रात्रभर भार एकमेकांवर ढकलत राहिले, एक गुरगुरायचा तेव्हा दुसरा हलका व्हायचा. पहाटे अडीचला मला बोलावणं आलं.

हे झालं आवाजाचं. दिवे मलूल का होतात, त्याचं कारण वेगळं आहे. मोटर सुरू होताना घेतलेल्या ५० अँपिअरमधला बराचसा करंट काम करत नाही. लोखंडात चुंबकत्व भरायला तो जातो आणि पुढच्याच क्षणी परत येतो. या ये-जा करणाऱ्या करंटची इंजिनाला झळ लागत नाही, पण अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये त्याने व्होल्टेज पडतं. ते सावरायचं काम एव्हीआरचं, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटचं. तो रोटरला चुंबक बनवणाऱ्या वाइंडिंगमध्ये, फील्डमध्ये, जास्त डीसी सोडतो, पण ते चुंबकत्व वाढायलाही थोडा अवधी लागतो. शिकाऊ पोरांना मी एवढंच सांगतो, कानाला फ्रिक्वेन्सी कळते आणि डोळ्याला व्होल्टेज. आवाज बसला पण दिवे ठीक असतील तर डिझेलच्या बाजूला बघ. आवाज ठीक आणि दिवे मलूल असतील तर एव्हीआरकडे बघ.

हे व्होल्टेज पडणं वाईटच असं मात्र नाही. ते ७० टक्क्यांवर आलं की मोटरचा करंटही तेवढाच उतरतो, ५० चे ३५ होतात. मोटरचा जोर निम्म्यावर येतो खरा, पण पाण्याच्या पंपाला उभ्यावरून सुटायला फारसा जोर लागतच नाही. त्याची मागणी वेगाबरोबर वाढत जाते. म्हणून पंप आरामात सुटतो. बर्फाच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला हे चालत नाही, तिथे पिस्टनला पहिल्याच फेऱ्याला दाब भेटतो. घरच्या फ्रीजला वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबवतात तेही याचसाठी, आतला दाब समान व्हावा म्हणून.

शिवाय वाइंडिंगमधलं तांबं आणि भोवतीचं लोखंड किलोंनी असतं. दोन सेकंद दुप्पट-तिप्पट करंट गेला तर ते किंचित तापतं, बस्स.

भार येण्याइतकंच भार जाणंही महत्त्वाचं आहे, आणि ते मी देवळाच्या प्राकारात शिकलो. उत्सवाच्या रात्री नाटक असायचं, रंगमंचावर हजार वॅटचे आठ हॅलोजन. प्रवेश संपला की अंधार. एका बटणाने ८ किलोवॅट क्षणात गायब. इंजिनात डिझेल मात्र अजून जुन्या भाराचंच जात असतं, त्यामुळे सेट किंचाळल्यासारखा वर जायचा आणि व्होल्टेजही चढायचं. एका वर्षी भाड्याने आणलेल्या सेटचा एव्हीआर आधीच बिघडलेला होता. अंधाराच्या त्या एका सेकंदात व्होल्टेज इतकं चढलं, की साऊंडवाल्याचा मिक्सर गेला. पुढचा सगळा प्रवेश नटांनी माईकशिवाय उभा केला. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून पुढे जमिनीवर येऊन बसली, पण नाटक कुणी थांबवू दिलं नाही. त्यानंतर मी प्रकाशयोजनेवाल्याला दरवेळी सांगत आलो, अंधार करायचा तो डिमरवर, एक-दोन सेकंद घेऊन. आणि प्रकाश आणायचा तोही तसाच, कारण हॅलोजनची थंड तार पहिल्या क्षणी दहापट करंट ओढते.

आता हॅलोजन गेले, एलईडी आले. भार खूपच हलका झाला, पण त्याचा स्वभावही बदलला. जुन्या बल्बचं व्होल्टेज उतरलं की तो मंद व्हायचा, म्हणजे आपणहून भार कमी करून जनरेटरला हात द्यायचा. एलईडीचा चांगला ड्रायव्हर किंवा कॉम्प्युटरचा सप्लाय तसं करत नाही. त्याला ठरलेले वॅट हवेच असतात. व्होल्टेज उतरलं तर तो करंट वाढवून घेतो. दमलेल्या यंत्राकडे जास्त मागणारा हा भार आहे, आणि आपल्या घरांत आता बहुतेक भार याच जातीचा आहे.

आता इन्व्हर्टर. त्याच्यात फिरणारं काहीच नाही. बॅटरीचा डीसी तो ट्रान्झिस्टरच्या स्विचांनी सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो आणि त्या तुकड्यांतून गोल लाट घडवतो. ५० हर्ट्झ येतात ते आतल्या क्रिस्टलच्या घड्याळातून, त्यांचा भाराशी संबंध नाही. पंखा लावा, फ्रीज लावा, फ्रिक्वेन्सी ५० ती ५०. व्होल्टेज जरा उतरलं की पुढच्याच तुकड्यापासून तो सावरायला लागतो, लाटेचा एक फेराही पुरा व्हायच्या आत. आपल्या मर्यादेत असेपर्यंत इन्व्हर्टर कुठल्याही जनरेटरपेक्षा सरस आहे. डोळ्याला काही जाणवत नाही आणि कानाला तर नाहीच.

पण मर्यादा आली की ती भिंतीसारखी येते. ट्रान्झिस्टरची आतली चकती नखाएवढी. तिच्यात उष्णता साठवायला जागाच नाही. दीडशे अंशांच्या आसपास तिची सहनशक्ती संपते आणि जबर करंट गेला तर तिथवर पोचायला सेकंदाचा हजारावा भागही जास्त होतो. पूर्ण शॉर्टमध्ये अशी चकती जेमतेम दहा मायक्रोसेकंद टिकते. म्हणून आतलं नियंत्रण वाट बघत बसत नाही, करंट रेषेपलीकडे जाताच तोडतं. बरेच इन्व्हर्टर काही क्षण दुप्पट भार सोसतात. माहितीपत्रकात 'सर्ज' म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. भाच्याचा तसाच आहे. दुप्पट म्हणजे सुमारे ४३ अँपिअर आणि मोटरला हवे ५०. व्होल्टेज खाली सोडून अडचणीतून मार्ग काढायची जनरेटरची सवय या यंत्राला शिकवलेली नाही. २३० देईन नाहीतर बंद होईन, एवढंच त्याला माहीत. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाले जुने, उचलायला दोघं लागणारे इन्व्हर्टर या बाबतीत जरा दमदार असतात. दुकानात वजन हलकं म्हणून खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

याची एक बाजू मला जास्त काळजीची वाटते. घरात कुठे शॉर्ट झालं तर जनरेटर किंवा खांबावरची वीज भरपूर करंट सोडते आणि त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, पडतो. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ५ केव्हीएचा इन्व्हर्टर इतके देऊच शकत नाही. तो स्वतःच बंद पडतो, सगळं घर काळोखात जातं आणि दोष कुठल्या खोलीत आहे ते कळत नाही. त्यामुळे इन्व्हर्टरवरच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट त्याला कळतो आणि पडायला त्याला मोठा करंट लागत नाही. बहिणीच्या घरी तो नव्हता. पहिल्याच दिवशी मी तो बसवला, मोटरचं नंतर बघू म्हटलं.

कुळागरातली ही गोष्ट देशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजकेंद्रांच्या आणि तारांच्या जाळ्यातही घडत असते. गोव्यात स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही, आपली वीज बाहेरच्या राज्यांतून येते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली, तेव्हापासून दक्षिणेचं ग्रिडही बाकी देशाशी एका तालात आलं. म्हणजे मडगावात कुणी मोठी मोटर चालू केली, तर छत्तीसगडच्या कोरब्यापासून कोयनेपर्यंत वीजकेंद्रांत फिरणारी सगळी चक्रं किंचित, मोजता येणार नाही इतकी किंचित, मंदावतात. इतकी चक्रं एकत्र असल्यामुळे फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्टीत धरून ठेवायचं ठरवता येतं.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. देशाची मागणी बघता बघता सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली आणि मग पुन्हा चढली. माझ्या त्या आठ हॅलोजनचा अंधार, पण सगळ्या देशाचा. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. पाण्यावरची केंद्रं मिनिटांत उतरवता-चढवता येतात, त्यांनी त्यात मोठा वाटा उचलला. त्या रात्री मी अंगणात पणती लावली होती, पण लक्ष सगळं मीटरवर होतं.

सोलर वाढतंय, वाढायलाच हवं. पण छपरावरच्या पॅनलमागे फ्लायव्हील नाही. सोलर इन्व्हर्टरच्या आत असतात ते कपॅसिटर, थोडीशी वीज क्षणभर साठवणारे. ४०० व्होल्टवर २,००० मायक्रोफॅरड धरले तरी त्यांत १६० ज्यूल मावतात. जनरेटरच्या १२,३०० ज्यूलशेजारी ठेवून बघा. ४ किलोवॅटला ते ४० मिलिसेकंद पुरतील, लाटेचे दोन फेरे. आणि घरांवरचे बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडची लाट बघून तिच्यामागून चालतात. पुढची लाटच नाहीशी झाली की ते थांबतात. जून महिन्यात माड तारांवर पडून वीज गेली की लोक मला फोन करतात, "ऊन पडलंय, पॅनल कोरे करकरीत आहेत, तरी घरात वीज नाही." ते मुद्दाम तसं केलेलं असतं. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छपरावरच्या विजेने मारू नये म्हणून. जनरेटरलाही याच कारणासाठी चेंजओव्हर स्विच लागतो, आणि तो न लावता प्लगमधून उलटी वीज सोडणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका.

आता स्वतः लाट घडवणारे, फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारे मोठे इन्व्हर्टर बॅटरीसह ग्रिडवर येत आहेत. फिरत्या चक्राच्या वागण्याची नक्कल त्यांच्या नियंत्रणातच लिहिलेली असते. पण व्होल्टेजची बाजूही सांभाळावी लागते. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. आम्हा गोवेकरांतले कितीतरी जण लिस्बनमध्ये आहेत, तो दिवस इथल्या घरांनीही फोन लागतो का बघत काढला. आधी सगळे म्हणाले, चक्रं कमी पडली. चौकशीत पुढे आलं ते चढत गेलेलं व्होल्टेज. ते वेळेत खाली ओढलं गेलं नाही आणि केंद्रामागून केंद्र सुटत गेलं.

आता पुन्हा सावईवेऱ्याला. भाच्यापुढे मी तीन वाटा ठेवल्या. मोटरपुरता जुना जनरेटर ठेवायचा, नाहीतर दुप्पट मोठा इन्व्हर्टर घ्यायचा, नाहीतर मोटरची मागणीच बदलायची. तिसरी मला सगळ्यांत आवडते. व्हीएफडी नावाचा डबा म्हणजे तोही एक इन्व्हर्टरच, पण भाराच्या कलाने चालणारा. तो मोटरला एकदम ५० हर्ट्झ देत नाही. ४-५ पासून सुरू करतो आणि व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी हातात हात घालून वर नेतो. रोटर लाटेच्या मागे फारसा पडतच नाही, म्हणून तो पाच-सहापट करंट उद्भवतच नाही. शेतातले सौर पंपही याच पद्धतीने चालतात. ढग आला की बंद न पडता हळू होतात.

व्हीएफडीला थ्री फेज मोटर लागते. आम्ही तेवढ्याच ताकदीची घेतली, सहाही टोकं बाहेर काढलेली, आणि २३० व्होल्टसाठी ती टोकं स्टारऐवजी डेल्टा पद्धतीने जोडली. चढणं अगदी सावकाश ठेवलं. संध्याकाळी घराचा मेन पाडून चाचणी घेतली. मी तळीपाशी टॉर्च घेऊन डब्यावरचा आकडा बघत होतो, बहीण वर टाकीपाशी. भाच्याने बटण दाबलं. १०, २०, ३०. घरातले दिवे हलले नाहीत, पण पाणीही नाही, पाईपात नुसती गुरगुर. ३५ हर्ट्झला त्याचा चेहरा पडला.

"थांब," मी म्हटलं. "वेग सत्तर टक्के झाला की पंपाची पाणी चढवायची उंची निम्मीच होते. टाकी वर आहे."

४०. ४२. ४४ ला वरून बहिणीची हाक आली, "आलं रे, आलं!"

डब्यावर करंट होता चार अँपिअर.